ठरावाला विरोध, की ठरावातल्या दंडाला?

वाचकाचे पत्र:

सप्रेम नमस्कार. आमचे गाव सांगली जिल्ह्यात आहे. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव येणार आहे. प्रथा पाळणाऱ्या घराला पाच हजार रुपये दंड करावा आणि ग्रामपंचायतीचे दाखले थांबवावेत, असे मसुद्यात लिहिले आहे. तयारीच्या बैठकीत मी उठून विचारले की, ज्या बाईला स्वतःलाच कुंकू लावायचे नाही, तिचे काय? माझी आई ७४ वर्षांची आहे. वडील जाऊन तीस वर्षे उलटली. ती म्हणते, “आता या वयात मला कुणी कुंकू लावायला आले, तर मी दार लावून घेईन.” पिढ्यान्‌पिढ्या बसलेली समाजाची घडी एका ठरावाने विस्कटू नये, बदल हळूहळू व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यावरून मला प्रतिगामी ठरवले गेले, गावाच्या व्हॉट्सॲप गटातून काढले गेले, आणि ग्रामसभेत विरोधी बोलू देणार नाही, असे एका सदस्याने बजावले. उलट भावकीतले काही जण माझ्या बाजूने उभे राहिले आहेत, पण ते विधवांविषयी जे लिहितात ते वाचवत नाही. माझ्या चुलत भावाची बायको दोन वर्षांपूर्वी, २९ व्या वर्षी विधवा झाली. ती बैठकीला होती, पण काही बोलली नाही. मार्गशीर्षात माझ्या मुलीचे लग्न आहे, म्हणून घरचे गप्प बसायला सांगतात. मी बोलावे का? आणि बोलण्याची मर्यादा नेमकी कुठे येते?

— एक वाचक

उत्तर:

नमस्कार. तुम्ही बोलावे, असेच माझे मत आहे. मात्र आज ज्या मुद्द्यावर तुम्ही उभे आहात तो बदलून बोलावे. तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या हरकती एकत्र झाल्या आहेत. या ठरावात सक्ती आणि दंड का, ही पहिली हरकत मला पूर्णपणे रास्त वाटते. असा बदल इतक्या झटपट का, ही दुसरी. ती विचारण्याचा हक्क तुम्हाला आहेच, पण तिच्यामागचा विचार मला पटलेला नाही, आणि का पटलेला नाही हे सविस्तर सांगितल्याशिवाय तुम्हाला नुसता ‘बोला’ असा सल्ला देणे योग्य होणार नाही.

आधी हक्काचे पाहू, कारण तिथे गोंधळ कमी आहे. राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) ने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात हे कलम १९(२) मध्ये मोजून सांगितले आहे: देशाची सार्वभौमता व सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. बहुमताला एखादे मत जुनाट वाटते, हे कारण त्यात नाही. ते पुरोगाम्यांना टोचते किंवा परंपरावाद्यांना झोंबते, हेही नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदविषयीच्या एका फेसबुक नोंदीवरून अटक झाली होती. एकीने ती लिहिली होती आणि दुसरीने फक्त पसंत केली होती. त्या अटकेतून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ, म्हणजे इंटरनेटवरच्या ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारे कलम, रद्द केले. चर्चा करणे, एखाद्या मताचा आग्रहाने पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि मत कितीही अप्रिय असले तरी निर्बंध तिसऱ्या पायरीवरच येऊ शकतो, हे त्या निकालात स्पष्ट केलेले आहे. तुम्ही अजून पहिल्याच पायरीवर आहात.

म्हणून ‘विरोधी बोलू देणार नाही’ हे त्या सदस्याचे बोलणे चूक आहे. ग्रामसभा ही कुणाच्या घरची बैठक नव्हे. ती कायद्याने निर्माण केलेली सभा आहे आणि गावातल्या प्रत्येक मतदाराला तिथे बोलण्याचा सारखाच अधिकार आहे. व्हॉट्सॲप गटाचे मात्र तसे नाही. त्या गटातून तुम्हाला काढले हे मनाला लागणारे आहे, असभ्यही आहे, परंतु त्यामुळे तुमच्या घटनादत्त हक्काचा भंग झालेला नाही, कारण खाजगी गटात कुणाला ठेवायचे हे गट चालवणाऱ्यांनी ठरवायचे असते. ही तक्रार ग्रामसभेत नेऊ नका. तुमचा खरा मुद्दा त्या भांडणात वाहून जाईल.

आता ‘हळूहळू’विषयी. हेरवाडचे नाव तुमच्या मसुद्यातही कुठेतरी असेलच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील या गावाने मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे आवाहन केले. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता दिली ती १९१७ साली. त्याच्या कितीतरी आधी, १८५६ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात विधवा विवाहाचा कायदा झाला होता. १८५६ पासून २०२२ पर्यंतची १६६ वर्षे हीच तर हळूहळू होणाऱ्या बदलाला दिलेली मुदत होती! एवढ्या काळात केशवपन, म्हणजे विधवेचे डोके भादरणे, गेले, विधवेने नेसायचे तांबडे आलवण गेले, पुनर्विवाह होऊ लागले, हे खरे आहे. पण करोनाच्या साथीत ऐन तिशीतल्या बायकांचे नवरे गेले, तेव्हाही कित्येक गावांत बांगड्या फोडायला माणसे हजर होतीच. ज्या बदलाला इतकी वर्षे लागली त्याला झटपट म्हणणे मला तरी जमत नाही.

तरीसुद्धा सावकाश बदलाची बाजू मांडणाऱ्याला मी तुच्छ मानत नाही, कारण आपल्याकडे ती बाजू फार मोठ्या माणसांनी मांडली आहे. संमतिवयाचा, म्हणजे मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्याचा कायदा १८९१ साली झाला, तेव्हा लोकमान्य टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. परक्या सरकारने कायद्याच्या बळावर आमच्या समाजात हात घालू नये, सुधारणा समाजाने आपणहून करावी, ही त्यांची भूमिका होती. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर कायद्याच्या बाजूने होते. माझे माप आगरकरांच्या पदरात पडते, कारण दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या देहाला समाजमन तयार होईपर्यंत थांबा असे सांगता येत नाही. मात्र टिळकांच्या भूमिकेतला एक भाग आज सोयीने विसरला जातो. १८९० मध्ये त्यांनी सुधारकांपुढे एक प्रतिज्ञापत्र ठेवले होते. मुलीचे लग्न सोळाव्या वर्षाआधी आणि मुलाचे विसाव्या वर्षाआधी करू नये, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करायचेच असेल तर विधवेशी करावे, हुंडा घेऊ नये, विधवेचे वपन करू नये, अशी त्यात कलमे होती. ज्यांना सुधारणा हवी आहे त्यांनी या कागदावर सही करून ती आधी स्वतःच्या घरात लागू करावी, असे त्यांचे आव्हान होते. म्हणजे कायदा नको म्हणणाऱ्या माणसाने कायद्याच्या जागी काय करायचे तेही सांगितले होते, आणि ते कायद्याहून कडक होते.

या मापाने मी तुम्हाला विचारतो: बदल हळूहळू व्हावा असे तुम्ही म्हणता, तर तुमच्या घरात या तीस वर्षांत त्याची कोणती पायरी चढली गेली? तुमच्या आईला आज कुंकू लावायचे नाही, हे मी मान्य करतो. पण वडील गेले त्या दिवशी तिला कुणी विचारले होते का? त्या दिवशी काय होते हे गावात वाढलेल्या कुणाला सांगायला नको. नवऱ्याचे प्रेत अंगणात असते. बाईला धड उभे राहता येत नसते. चार जणी तिला धरून आणतात, कपाळावरचे कुंकू पुसतात, दगडाने किंवा दोन्ही मनगटे एकमेकांवर आपटून बांगड्या फोडतात, काच रुतून रक्त आले तरी कुणी थांबत नाही. मंगळसूत्र तोडतात, जोडवी काढून घेतात. काही ठिकाणी हे सगळे नदीवर, दहाव्याला, भरल्या गावासमोर होते. त्या क्षणी तिने नकार दिला नाही म्हणजे तिची संमती होती, असे आपण म्हणायचे का? शुद्धीवर नसलेल्या माणसाचा अंगठा उठवलेला कागद कोर्टात टिकत नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. पहिला दिवस आणि नंतरची सगळी वर्षे यांत फरक केला पाहिजे. पहिल्या दिवशी जे घडते ते बाई करत नाही, ते तिच्यावर केले जाते; म्हणून त्या दिवसापुरती सरसकट मनाई मला योग्य वाटते आणि तिथे निवडीचा मुद्दा काढू नये. नंतर, शोक ओसरल्यावर, कुंकू लावायचे की नाही, बांगड्या भरायच्या की नाही, कोणत्या रंगाचे लुगडे नेसायचे, हे सर्वस्वी तिचे. तिथे भावकीने दडपण आणू नये आणि ग्रामपंचायतीनेही आणू नये. तुमच्या आईचे दार लावून घेणे या दुसऱ्या भागात मोडते आणि तिच्या त्या हट्टाचा मला आदर आहे. ठराव करणाऱ्यांना हा फरक दिसला नसेल, तर तो दाखवून देण्यासाठीच ग्रामसभेत बोलायचे असते.

दंडाविषयी आणि दाखल्यांविषयी मात्र तुम्ही ठाम राहा. दंड आकारायला कायद्याचा आधार लागतो आणि नवऱ्याच्या मागे कपाळ मोकळे ठेवणे हा आपल्या कोणत्याही कायद्यात गुन्हा नाही. दाखला हा नागरिकाचा हक्क आहे. वर्तन आवडले नाही म्हणून तो अडवण्याची मुभा ठरावाने मिळत नाही. याहून गंभीर बाब अशी की, घर वाळीत टाकण्याची जुनी सवय या तरतुदीतून नव्या कपड्यांत परत येऊ पाहते आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केले, तेव्हा कोकणातल्या त्यांच्या मुरूड गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. आगरकरांची तर हयातीतच पुण्यात प्रेतयात्रा निघाली. ते ज्यांनी केले त्यांना आपण धर्म राखतो आहोत असेच वाटत होते. आज सुधारणेच्या नावाने तेच हत्यार उचलले, तर हत्याराचा गुण बदलत नाही. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत, हे सरपंचांच्या कानावर शांतपणे घाला. धमकी म्हणून नको. मसुदा दुरुस्त करायचे कारण म्हणून घाला.

बळजबरी न करताही सुधारणा पुढे जाते, याची उदाहरणे आपल्याच मातीत आहेत. १८९० साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईतले नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरवले. त्यांनी कुणाला दंड केला नाही, कुणाच्या घरावर मोर्चा नेला नाही. स्वतःचा वस्तरा उचलायला नकार दिला. पोटावर पाय येणार हे माहीत असून दिलेला तो नकार होता, आणि मला तो त्या काळातल्या पुष्कळ भाषणांहून मोठा वाटतो. हेरवाडच्या ठरावामागे ज्यांची चळवळ होती, त्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनीही आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर या प्रथांची सक्ती होऊ नये, असे स्टॅम्प पेपरवर लिहून दिले होते. असा कागद तुम्हीही करू शकता. तुमच्या पत्नीसाठी केलेला असा कागद हातात घेऊन तुम्ही दंडाला विरोध केलात, तर तुम्हाला प्रतिगामी म्हणणाऱ्याला पुन्हा विचार करावा लागेल.

भावकीतल्या समर्थकांचे काय? तुम्ही विचारलेली मर्यादा मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. कायद्याची मर्यादा मी वर सांगितली. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने काढलेला शब्द किंवा केलेला हावभाव भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा ठरतो आणि गावातल्या ठरावीक स्त्रियांची नावे घेऊन लिहिलेला मजकूर अब्रुनुकसानीतही येऊ शकतो. परंतु तुमच्यासारख्या सभ्य माणसाने कायद्याच्या रेषेपर्यंत जायची वाट का पाहावी? ‘वाचवत नाही’ असे तुम्ही मला लिहिलेत. तेच त्यांना लिहा. नाव घेऊन आणि सर्वांसमक्ष लिहा. तुम्ही गप्प राहिलात, तर तुमचा रास्त प्रश्न त्या घाणीसकट तुमच्या नावावर जमा होईल, आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्यांनी त्या ठरावावर बोलायला हवे त्या बायका तोंड उघडणार नाहीत. एकाच्या मोकळ्या बोलण्याने दुसरीची वाचा बसत असेल, तर तिथे स्वातंत्र्याचा हिशेब पुन्हा मांडला पाहिजे. यासाठी पोलिसांना बोलवावे असे मी म्हणत नाही. आपल्या बाजूच्या माणसाला आपणच आवरावे, एवढे म्हणतो.

आणि आता, ज्यामुळे मला हे उत्तर लांबवावे लागले, ते वाक्य. ‘ती बैठकीला होती, पण काही बोलली नाही.’ तुमच्या पत्रात आईचे म्हणणे आहे, सदस्याचे आहे, भावकीचे आहे, घरच्यांचे आहे. एकतीस वर्षांच्या त्या भावजयीचे म्हणणे नाही. ठरावाचा परिणाम सर्वांत जास्त वर्षे जिला भोगायचा आहे, तिच्या वाट्याला एक वाक्य आले, आणि तेही ती गप्प बसल्याचे. ती का बोलली नाही, हे तुम्ही तिला विचारले आहे का? सासऱ्या-दिरांनी भरलेल्या बैठकीत तिने उठून ‘मला टिकली लावावीशी वाटते’ असे म्हणावे, ही अपेक्षाच क्रूर आहे. राज्यातल्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी अशी तरतूद आहे. पुष्कळ गावांत ती नुसती कागदावर उरकली जाते. तुमच्या गावात ती खरोखर व्हावी, आणि तिथे पुरुषांपैकी कुणी दारातही उभे राहू नये, अशी मागणी तुम्ही करा. तुमच्या आईला तिच्या कपाळाविषयी जे सांगायचे आहे ते तिने त्या सभेत स्वतः सांगावे. भावजयीनेही, तिला वाटले तर, बोलावे. दोघींची मते वेगळी निघाली तर त्यात बिघडले काय?

मार्गशीर्षातल्या लग्नाचे कारण पुढे करून घरचे तुम्हाला गप्प बसवत आहेत, पण माझ्या मते त्याच लग्नात तुमची कसोटी आहे. नवरीला हळद लावायला सवाष्णी पुढे होतील, तेव्हा आजी आणि काकू स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून पाहणार असतील, तर ग्रामसभेत तुम्ही निवडीविषयी काहीही बोललात तरी त्याला वजन येणार नाही. मुलीला विचारा. तिला आजीच्या हातची हळद हवी असेल आणि आजीची तयारी असेल, तर पाहुण्यांच्या कुजबुजीची जबाबदारी बाप म्हणून तुम्ही घ्या. आईला नको वाटले, तर तिला ओढून पुढे आणू नका. आग्रहाचे आमंत्रण द्या आणि तिच्या उत्तराला मान द्या. हळूहळू बदल म्हणजे काय, हे गावाला त्या मांडवात दिसेल, आणि त्यासाठी कुणाचा ठराव लागणार नाही.

ग्रामसभेसाठी तुमची दुरुस्ती लेखी द्या. ती साधारण अशी असावी: ‘पतीच्या निधनाच्या दिवशी व उत्तरकार्याच्या काळात कोणत्याही स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे असे कृत्य गावातील कोणीही व्यक्ती करणार नाही. त्यानंतर कोणती चिन्हे वापरावीत वा वापरू नयेत हा निर्णय त्या स्त्रीचा राहील. कोणत्याही शुभकार्यातून विधवा म्हणून कोणालाही वगळले जाणार नाही. दंड व दाखले रोखण्याची तरतूद वगळण्यात यावी.’ अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर ग्रामपंचायतीची पोच घ्या आणि सभेत ही दुरुस्ती मताला टाकण्याची मागणी करा. ती फेटाळली गेली तर तुमचा विरोध कारणांसह इतिवृत्तात नोंदवायला लावा, आणि दंड नको म्हणून मूळ ठरावच पाडायला निघालेल्यांबरोबर मात्र हात वर करू नका. हा अर्ज ग्रामपंचायतीत देण्याआधी आईला वाचून दाखवा, भावजयीला वाचायला द्या, आणि त्यांनी एखादे वाक्य बदलायला सांगितले तर वाद न घालता बदला.